वरच्या मजल्यावर काही झालं नाही

चुलीचा धूर लिंबाच्या शेंड्यापर्यंत सरळ गेला आणि तिथे आडवा झाला. वर कुणी चादर ताणून धरली असावी तसा.

*

संक्रांतीच्या सकाळी नगरात पतंग उडेनात. पोरं गच्च्यांवरून धावून धावून दमली. ऊन चढलं तसे पतंग आपोआप उठले.

*

राघूला हिरवी मिरची आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ मिळायची. एका सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पालथा सापडला.

*

एक माणूस पहाटे सायकलवरून चांदबिबीच्या महालापर्यंत जातो. टेकडीवर पोचला की मफलर सोडतो, स्वेटर काढतो. चढणीची ऊब, असं लोक म्हणतात. पण तो वर दगडावर चांगला वेळ बसून राहतो, आणि तरी त्याला थंडी वाजत नाही.

*

काशीयात्रा करून आलेल्या एका बाईंनी दूध कायमचं सोडलं.

*

इंजिनाचं हँडल उलटं फिरलं आणि गोरक्ष ड्रायव्हरचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं.

*

दोरी ओढली. झेंड्यातली फुलं खाली पडली. झेंडा मात्र काठीला चिकटून राहिला.

*

शोभा उठेना.

एक

साल १९७३. सव्वीस जानेवारीची सकाळ. नगरच्या दिल्ली दरवाज्याच्या आतल्या एका अरुंद गल्लीत आमचं मुलींचं बोर्डिंग होतं. दगडी इमारत, दोन मजले. लहान मुली खालच्या हॉलमध्ये झोपायच्या, मोठ्या वरच्या. खालच्या हॉलच्या खिडक्या गल्लीकडे उघडायच्या, आणि त्या इतक्या खाली होत्या की गल्लीतल्या माणसाचे गुडघे दिसत. शेजारच्याच खोलीत रेक्टर पुष्पावतीबाई राहायच्या. मागे अंगण, अंगणापलीकडे उंच जोत्यावर स्वयंपाकघर. तिथे माझी आई रतनबाई स्वयंपाक करायची आणि रात्री चुलीशेजारी मी आणि ती झोपायचो.

त्या सकाळी झेंडावंदनाला वरच्या मुली आल्या. खालच्या आल्या त्या कपाळ धरून. दोघी तिथेच ओकल्या. मिरजगावची शोभा मात्र खिडकीखालच्या अंथरुणात तशीच पडलेली सापडली. हाक मारली, हलवलं, पाणी मारलं. तिचे गाल लाल दिसत होते, म्हणून आधी सगळ्यांना वाटलं, ताप असेल. अंग थंड होतं.

तिला टांग्यातून सरकारी दवाखान्यात नेलं.

असं तिसऱ्यांदा होत होतं. पहिल्यांदा संक्रांतीला, तेव्हा तिळगुळावर खापर फुटलं. दुसऱ्यांदा त्यानंतर काही दिवसांनी, राघू मेला त्या सकाळी. दर वेळी खालच्याच मुली. वरच्या मजल्यावर काही झालं नाही.

जेवण दोन्ही मजल्यांना एकाच पातेल्यातून जायचं. फरक एवढाच, की लहान मुलींना झोपताना कपभर दूध मिळायचं आणि मोठ्यांना मिळायचं नाही. दूध तापवायची माझी आई.

आणि मी खालच्याच मुलींच्या वयाची असून ठणठणीत होते. मी दूध पीत नव्हते. दूध बोर्डिंगच्या मुलींसाठी होतं. मी शिकत त्यांच्याबरोबर होते, पण राहत होते ती स्वयंपाकीणबाईची मुलगी म्हणून. आई मला सांगायची, त्या दुधाला हात लावायचा न्हाई.

हे वाक्य कुणीतरी ऐकलं होतं. दुपारपर्यंत ते सगळ्या बोर्डिंगने ऐकलं.

दोन

आप्पासाहेब बोर्डिंगचे विश्वस्त. फौजदाराला बोलवायला ते तयारच होते, पण संस्थेचं नाव जाईल म्हणून थांबले. त्यांनी आईला चुलीपासून दूर केलं आणि सांगितलं, शोभाचे वडील मिरजगावहून आले की त्यांच्यासमोर काय ते ठरेल. ठरायचं काय होतं ते आईला कळत होतं. ती गेली की मी गेले. आमच्या गावात त्या साली प्यायला पाणी नव्हतं, मग शाळा कुठली.

फौजदाराऐवजी त्यांनी शामकांत मुळ्यांना बोलावलं. मुळे आगीच्या विम्याचे तपासनीस होते. गोदाम जळलं की खरंच जळलं की जाळलं, हे ते राख आणि भिंतीवरची काजळी बघून सांगायचे. आप्पासाहेबांच्या सरकीच्या गोदामाच्या वेळी त्यांनी खरं तेच सांगितलं होतं, आणि ते आप्पासाहेबांना फारसं सोयीचं नव्हतं. तेव्हापासून आप्पासाहेब त्यांच्यावर चिडून होते आणि विश्वासही त्यांच्यावरच ठेवत होते.

उंच, किडकिडीत माणूस. गळ्यात मफलर. आले ते थेट स्वयंपाकघरात न जाता गल्लीत गेले आणि खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून बोट बघत बसले. मग हॉलमध्ये येऊन शोभाच्या अंथरुणावर चक्क आडवे झाले. रेक्टरबाई बघत राहिल्या.

उठल्यावर त्यांनी आप्पासाहेबांना विचारलं, "हा मुळे काय करतोय, असं वाटतंय ना तुम्हाला?"

"झोपायला बोलावलं नव्हतं," आप्पासाहेब म्हणाले.

"इथे झोपलेल्यांनाच त्रास झाला. उभ्याने काय दिसणार?"

तीन

शामकांतरावांनी काय विचारलं ते आता कुणाला नीट आठवत नाही. उत्तरं आठवतात.

*गहिनीनाथ, दूधवाला:* "माझं दूध अर्ध्या गल्लीला जातं. तिथं कुनाचं डोकं दुखलं न्हाई. पानी घालतो म्हना, कबूल. पन यंदा पानी दुधाहून महाग हाय, ते तरी कुठून घालू?"

*रेक्टर पुष्पावतीबाई:* "मी दुधाचा थेंब घेत नाही. काशीला सोडलं. चहासुद्धा कोराच. … हो, राघू माझाच. खिडकीत टांगलेला असायचा. … माझ्या तब्येतीचं काय विचारता, मला पित्ताचा त्रास आहे. कपाळ उठतं. … आता कोणत्या दिवशी ते कसं सांगू? संक्रांतीला उठलं होतं खरं, कारण वाणाला बायका आल्या तेव्हा मी कपाळाला फडकं बांधून बसले होते. राघू गेला त्या दिवशीही. आणि झेंड्याच्या दिवशी. मनाला लागलं की माझं पित्त वाढतं."

*गोरक्ष, टँकरचा ड्रायव्हर:* "आमी रोज हितंच असतो. गल्लीच्या टोकाला बारव हाय, तिच्यात रातीतून पानी चढतं, ते उजाडायच्या आत उपसायचं. मंग गावोगाव न्यायचं. गाड्यांची रांग पार ह्या खिडक्यांपत्तुर. … गाड्या मिलिटरीच्या लिलावातल्या, पेट्रोलच्या, लई जुन्या. … बंद? बंद कशाला करायच्या? ब्याटऱ्या मेल्यात सगळ्यांच्या. थंडीत हँडल मारून चालू करून दावा एकदा. ह्ये मनगट बगा, हँडलानंच मोडलंय. चोक वढून ठिवायचा आनि गाडी गुरगुरत ठिवायची, नंबर येस्तवर."

*माझी आई:* "म्या पोरीला दूध नको म्हनले, कारन ते तिच्या वाट्याचं नव्हतं. दुसरं कायबी न्हाई, सायेब."

मग त्यांनी आईला एक प्रश्न जास्तीचा विचारला, तो मला आठवतो, कारण मला तो वेडगळ वाटला. त्या तिन्ही सकाळी चुलीचा धूर कसा गेला?

आईला वाटलं, थट्टा करतायत. मग म्हणाली, लिंबापत्तुर गेला आनि आडवा पडला. अंगनातच फिरत बसला. असा धूर आला की भाकरीलाबी वास येतो.

"आणि एरवी?"

"एरवी जातो की निघून."

शामकांतरावांनी मफलर काढून पुन्हा गुंडाळला. दवाखान्यातून निरोप आला तो त्याच वेळी. शोभाने डोळे उघडले होते.

ती काय म्हणाली ते ऐकायला सगळे थांबले. निरोप आणणाऱ्याने सांगितलं, ती म्हणाली, पहाटे उठून खिडकीत बसले होते. गाडीच्या दिव्याच्या उजेडात इतिहास वाचत होते. मला पेट्रोलचा वास आवडतो.

आप्पासाहेब म्हणाले, पोरगी बरळते आहे.

चार

या प्रकरणात काही घडत नाही.

कुणी आजारी पडलं नाही. चुलीपुढे आई नव्हती. मोठ्या मुलींना हाताशी घेऊन रेक्टरबाईच भाकऱ्या थापत होत्या, आणि त्या करपत होत्या. दूध बंद होतं. आभाळ भरून आलं होतं, पाऊस नव्हता. रात्री उबदार गेल्या.

पाच

रतनबाईला काढलं आणि मुली बऱ्या झाल्या. आता आणखी काय पुरावा हवा, असं आप्पासाहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं. शोभाचे वडील आले होते. ते शांत माणूस. माझ्या आईकडे ते बघतही नव्हते, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं. आईने आमचं बोचकं बांधून ठेवलं. तिची वळकटी, माझी पाटी, पुस्तकं.

शामकांतराव म्हणाले, आभाळ निवळेपर्यंत थांबा.

आप्पासाहेबांना वाटलं, हा माणूस पंचांग बघायला लागला. पण सरकीच्या गोदामाची आठवण असावी, ते थांबले.

एका संध्याकाळी आभाळ स्वच्छ झालं. वारा पडला. चांदण्या अशा दिसायला लागल्या की मोजाव्यात. शामकांतरावांनी खालच्या सगळ्या मुलींना अंथरुणं घेऊन वर पाठवलं, हॉलची सफेदी करायची आहे अशी थाप मारून. रेक्टरबाईंनाही वर जा म्हणाले. त्या म्हणाल्या, माझी खोली सोडून मला झोप येत नाही. शामकांतरावांनी पुन्हा विनवलं. बाईंनी पुन्हा नाही म्हटलं. शेवटी शामकांतरावांनी बाईंच्या खिडकीच्या फटी स्वतः कागद लावून बुजवल्या आणि खोलीचं अंगणाकडचं दार उघडं ठेवायला लावलं. बाईंना ते अगोचरपणाचं वाटलं.

पहाटे आप्पासाहेबांची जीप आली. तिच्यात शामकांतरावांनी आप्पासाहेब, शोभाचे वडील, आई आणि मला बसवलं, आणि बारवेच्या रांगेतून गोरक्षला ओढून आणलं. त्याची गाडी दुसऱ्या ड्रायव्हरकडे, गुरगुरतच. शेवटी रेक्टरबाई आल्या.

त्यांच्या कपाळाला फडकं बांधलेलं होतं.

"पित्त?" शामकांतरावांनी विचारलं.

"कपाळ उठलंय. काल तर मनाला लागण्यासारखं काही झालंही नाही." फटी बुजवूनही उठलं, असं त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या.

"काल स्वयंपाक कुणी केला?"

"मीच."

"आणि दूध?"

"सांगितलं ना, काशीला सोडलं."

शामकांतरावांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेबांनी जीप सुरू करायला सांगितलं.

सहा

पाथर्डी रस्त्याने जाताना आम्ही कुडकुडत होतो. सखल भागात तर दात वाजत होते. जीप वळणं घेत टेकडी चढायला लागली आणि एका वळणाला आईने डोक्यावरचं कांबळं खाली घेतलं. वर चांदबिबीच्या महालापाशी उतरलो तेव्हा आप्पासाहेब कोटाची बटणं सोडत होते.

"चालत कोण आलं?" शामकांतरावांनी विचारलं.

कुणीच नाही. जीप चढली होती, आम्ही बसून होतो. तरी वर खालच्यापेक्षा ऊब होती. मला ते जादूसारखं वाटलं. उंचावर थंडी असते असं भूगोलात होतं.

मग उजाडलं, आणि आम्ही नगर बघितलं.

म्हणजे बघितलं नाही. जिथे शहर असायला हवं तिथे तपकिरी गोधडी पसरलेली होती. वरून सपाट, पाटावर थापल्यासारखी. तिच्यातून दोन मिनार, एखाद्या कारखान्याची चिमणी आणि झाडांचे काही शेंडे वर आलेले. गोधडीच्या वर आभाळ निळं, लख्ख. मनमाडच्या बाजूने धान्याचे ट्रक येत होते. दुष्काळासाठी परदेशातून आलेली मिलो ज्वारी घेऊन ते रांगेने त्या तपकिरी रंगात शिरत होते आणि दिसेनासे होत होते.

"आपण रोज त्याच्यात असतो," शामकांतराव म्हणाले.

मग त्यांनी ते सांगितलं. मी ते पुढे पुष्कळदा सांगितलं आहे, वर्गात, फळ्यावर आकृती काढून. पण त्या सकाळी त्यांनी ते आईला कळेल अशा भाषेत सांगितलं. आभाळ मोकळं असलं की रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते. जमीन गार पडते, तिला टेकलेली हवा गार पडते. गार हवा जड, ती तळाशी बसते. ऊबदार हवा तिच्या वर राहते. एरवी खालची हवा तापून वर चढते आणि धूर घेऊन जाते. अशा सकाळी चढतच नाही. पातेल्यावर झाकण बसतं. वारा असेल तर झाकण हलतं. वारा नसेल तर ऊन चढेपर्यंत बसून राहतं. म्हणून संक्रांतीला पतंग उडाले नाहीत. म्हणून झेंडा फडकला नाही. आणि आभाळ भरून आलं की ढग जमिनीवर पांघरुणासारखे असतात, ऊब जात नाही, झाकण बसत नाही. ज्या दिवसांत रतनबाई चुलीपुढे नव्हती, ते दिवस ढगांचे होते.

"गाड्या रोज तितक्याच," ते म्हणाले. "धूर रोज तितकाच. मुली रोज आजारी पडत नाहीत. बदलतं ते झाकण."

मग एकेक करून त्यांनी सगळं जागेवर ठेवलं. जुन्या पेट्रोलच्या गाड्या, चोक ओढून ठेवल्यामुळे पेट्रोल अर्धवट जाळणाऱ्या, भिंतींच्या फटीसारख्या गल्लीत उभ्या. धुराच्या नळ्या खिडक्यांच्या उंचीला. त्या धुरात एक वायू असतो, त्याला ना रंग ना वास. तो रक्तात शिरतो, गाल लाल करतो आणि माणसाला झोपवतो. शोभा तर उजेडासाठी त्याच्या तोंडाशीच बसली होती. हे दूध प्यायलेल्या मुलींना झालं, पण दूध सोडलेल्या रेक्टरबाईंनाही झालं. मिरची खाणाऱ्या राघूलाही झालं. वरच्या मजल्यावर झालं नाही, अंगणापलीकडे चुलीशेजारी झालं नाही. जेवणाचा संबंध नव्हता. कोण कुठे श्वास घेत होतं, याचा होता.

रेक्टरबाईंनी कपाळाचं फडकं सोडलं आणि हातात धरून बसल्या. त्यांना राघू आठवत असावा.

आप्पासाहेबांनी विचारलं, "मग गुन्हेगार कोण?"

उत्तर गोरक्षने दिलं. तो महालाच्या पायरीवर बसला होता, वाकडं मनगट दुसऱ्या हातात धरून.

"माजी गाडी बरुबर त्या खिडकीपाशी असायची," तो म्हणाला. "मनगट दुखतं म्हनून म्या बंद करत नव्हतो."

शोभाचे वडील उठून त्याच्याजवळ गेले. मला वाटलं, मारतील. ते त्याच्या शेजारी बसले. मग माझ्या आईकडे वळून, पहिल्यांदाच तिच्याकडे बघून म्हणाले, "बाई, पोरगी दवाखान्यात जेवत न्हाई. तुमच्या हातची भाकर मागती."

आईने पदर तोंडाला लावला. तेवढंच. बोर्डिंगवर परत आल्यावर तिने बोचकं सोडलं आणि आधी चूल पेटवली.

सात

दुसऱ्या दिवसापासून रांगेत गाड्या बंद ठेवायच्या, असं ड्रायव्हरांनी आपसात ठरवलं. नंबर पुढे सरकला की खाली उतरून हातांनी ढकलायच्या. बारवेवर भरून झाल्या की गल्लीच्या बाहेर, मोकळ्या मैदानात सगळ्यांनी मिळून ढकलत नेऊन मगच हँडल मारायचं. गोरक्ष डाव्या हाताने मारायला शिकला. मैदान आमच्या गच्चीवरून दिसायचं; वरच्या मुली तिथून त्याला हसायच्या आणि तो खालून ओरडून त्यांना म्हणायचा, हसा, हसायला डोकी शाबूत हायेत तर.

त्याच हिवाळ्यात झाकण पुन्हा पुष्कळदा बसलं. धूर लिंबापाशी आडवा पडायचा आणि आई चुलीपुढून ओरडून सांगायची, आज पडलाय. मुली मात्र झोपेतून उठायच्या त्या भुकेल्या.

शोभा परत आली तेव्हा गोरक्षने तिला कंदील आणून दिला. वाचायला. रेक्टरबाईंना राघूचं पिल्लू आणलं. त्याला त्यांनी वरच्या मजल्यावर टांगलं आणि स्वतःही वर राहायला गेल्या. तीन जिने चढायला लावतो मेला, असं म्हणत. जिना एकच होता. आप्पासाहेबांनी आईची माफी मागितली नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. पण झोपताना लहान मुलींच्या ओळीत एक कप जास्तीचा ठेवायला त्यांनी सांगितलं. ते दूध मी पहिल्यांदा प्यायले तेव्हा आई समोर बसून बघत होती.

शामकांतरावांना आईने पुरणपोळ्या करून दिल्या. ते म्हणाले, गोड सोसत नाही. मग सगळ्या खाल्ल्या.

मी शिकले. भूगोल शिकवला. दर वर्षी थंडीत एका स्वच्छ, पडल्या वाऱ्याच्या सकाळी मुलांना टेकडीवर नेते आणि काही सांगायच्या आधी स्वेटर काढायला लावते. खाली शहर आता कितीतरी मोठं झालं आहे, सावेडीच्याही पुढे गेलं आहे, आणि गोधडी त्याच्याबरोबर वाढली आहे. मुलं विचारतात, हे कधी उठणार. मी म्हणते, वारा येऊ दे. आणि वारा आला की माझे हात आपोआप जोडले जातात, त्याला, आणि त्या मफलरवाल्या माणसाला, आणि चुलीचा धूर कुठे गेला ते लक्षात ठेवणाऱ्या बाईला.

आमचं गाव जामखेड रस्त्याला आहे. नोव्हेंबरात, यातलं काहीच घडायच्या आधी, गावच्या कोरड्या विहिरीत पाण्याचा पहिला टँकर रिकामा झाला, तो गोरक्षचा होता.